कोवळा महाग्रह वर्षाला किती वायू गिळतो? एच-अल्फा प्रकाशावरून मोजायची रीत, पायरी पायरीने

तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते आणि त्या चकतीत वाढणारा महाग्रह आसपासचा वायू ओढून घेत असतो. हा वायू थंड, विरळ आणि बहुतेक वेळा धुळीआड असतो. त्याची चाहूल लागते ती तो ग्रहावर आदळताना निघणाऱ्या उजेडाने. त्या उजेडावरून ‘वर्षाला किती वायू’ हा आकडा कसा काढायचा, ते इथे सांगतो. एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि पायथनची सवय असलेले हौशी निरीक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: उजेड मोजताना चूक झाली तर ती सहसा काही टक्क्यांची असते, उजेडाचा वायू करताना होते ती दहा पटींची. त्यामुळे शेवटच्या हिशेबाला इथे जास्त जागा दिली आहे.

उजेड येतो कुठून

गुरूच्या चौपट वस्तुमानाचा, दुप्पट त्रिज्येचा ग्रह घ्या. (कोवळे ग्रह गरम असतात म्हणून फुगलेले असतात.) लांबून पडत आलेला वायू त्याच्या पृष्ठभागाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ८४ किलोमीटर असतो. तिथे तो एकदम अडतो, आघातलाट उभी राहते आणि वायू लाखभर केल्विनच्या घरात तापतो. निवता निवता त्यातला हायड्रोजन ठरावीक तरंगलांबींवर प्रकाश देतो. त्यातली सर्वांत कामाची रेषा म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरची लाल एच-अल्फा. ग्रहाची स्वतःची ऊब अवरक्तात दिसते, लाल प्रकाशात तो जवळजवळ काळाच असतो. म्हणून ६५६.३ वर एक ठिपका आहे आणि शेजारच्या ६४० वर तिथे काहीच नाही, असं दिसलं की कान टवकारायचे.

पायरी १: लक्ष्य निवडणं

या विषयाची पाटी-पेन्सिल म्हणजे पीडीएस ७०. नरतुरंग तारकासमूहातला, सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या पाऊण वस्तुमानाचा आणि जेमतेम ५० लाख वर्षं वयाचा हा तारा. त्याच्या चकतीत मोठी पोकळी आहे आणि पोकळीत दोन ग्रह, बी आणि सी. ‘बी’ची प्रतिमा २०१८ मध्ये युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या (ईसो) व्हीएलटी दुर्बिणीवरच्या स्फिअर उपकरणाने अवरक्तात मिळाली. त्याच वर्षी चिलीतल्याच मॅगेलन दुर्बिणीवरून त्याची एच-अल्फा दिसली. ‘सी’ तर २०१९ मध्ये थेट एच-अल्फातूनच सापडला, व्हीएलटीवरच्याच म्यूझ या उपकरणाच्या डेटात. बी ताऱ्यापासून अंदाजे २२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) दूर, सी ३४ च्या आसपास. आकाशात हे अंतर पाव आर्कसेकंदसुद्धा भरत नाही (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग).

पोकळी असलेली चकतीच का निवडायची? पोकळीत धूळ कमी, त्यामुळे ग्रहाचा लाल उजेड बाहेर पडायला वाट असते. २०२५ मध्ये जाहीर झालेला विस्पिट २बी हा ग्रहही असाच चकतीच्या मोकळ्या पट्ट्यात सापडला आणि त्याचीही एच-अल्फा दिसली.

पण हात बसवायचा असेल तर पीडीएस ७० ने सुरुवात करू नका, असं माझं मत. आधी डेलॉर्म १ (एबी) बी घ्या. गुरूच्या बारा-चौदा पट वस्तुमानाची ही वस्तू आपल्या जोडताऱ्यापासून पावणेदोन आर्कसेकंद लांब आहे. ताऱ्याचा झगमगाट तिथवर फारसा पोचत नाही, त्यामुळे वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सरळ दिसतात. तिथे हिशेब जुळला की मग अवघड गल्लीत शिरावं.

पायरी २: डेटा मिळवणं

नवा वेध घेण्याची गरज नाही. म्यूझचे जुने वेध ईसोच्या संग्रहात मोफत आहेत. ताऱ्याचं नाव टाकायचं, उतरवून घ्यायचं. म्यूझ प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट देतं, म्हणजे हातात येतो तो त्रिमितीय ठोकळा: दोन मिती आकाशाच्या, तिसरी तरंगलांबीची. ‘नॅरो फील्ड’ प्रकारातला डेटा निवडा. त्यात एक बिंदू ०.०२५ आर्कसेकंदाचा असतो आणि लेझरने आकाशात उभ्या केलेल्या कृत्रिम ताऱ्यांच्या मदतीने वातावरणाची थरथर काढलेली असते. सी ग्रह ज्यात सापडला तो पीडीएस ७० चा डेटा जून २०१८ मधला, या प्रकाराची चाचणी चालू होती तेव्हाचा.

पुण्याहून हा तारा दिसतो का, असं विचारणारे भेटतात. एप्रिल-मेच्या रात्री तो दक्षिणेला क्षितिजापासून ३० अंशांपर्यंत चढतो खरा. पण आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दुर्बीण २ मीटरची आहे. सैद्धांतिक हिशेबाने ती ०.०८ आर्कसेकंदापर्यंत बारकावे वेगळे करू शकली असती, पण वातावरणाची थरथर एका आर्कसेकंदाच्या घरात असते आणि ग्रह आहे ०.२ वर. तेव्हा आपल्याकडून हे काम संग्रहातल्या डेटावरच.

डेटा उघडल्यावर पहिली खातरजमा तरंगलांबी हवेतली आहे की निर्वातातली याची. म्यूझचा पाइपलाइन सॉफ्टवेअर सहसा हवेतली देतो, म्हणजे एच-अल्फा ६५६.२८ वर. निर्वातात तीच ६५६.४६ वर येते. हा फरक वेगाच्या भाषेत सेकंदाला ८३ किलोमीटर होतो, जवळजवळ वायूच्या पडण्याच्या वेगाएवढा! हे न तपासता ‘रेषा सरकली आहे, वायू वेगाने खाली पडतोय’ असा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे.

पायरी ३: ताऱ्याचा उजेड काढून टाकणं

खरी मेहनत इथे आहे. ग्रहाच्या जागी तुम्हाला दिसणारा बहुतेक प्रकाश ताऱ्याचा असतो, दुर्बिणीत आणि वातावरणात पसरून ठिपक्याठिपक्यांनी तिथे आलेला. शिवाय पीडीएस ७० हा तारा स्वतःही थोडा वायू ओढतो, त्यामुळे त्याच्या वर्णपटातही एच-अल्फा आहे. नुसती ६५६ वरची प्रतिमा पाहून काही कळत नाही.

यावरची युक्ती अशी: पसरलेला प्रकाश कुठेही पडला तरी त्याचा वर्णपट ताऱ्याचाच राहतो; जागेनुसार त्यात पडणारा फरक तरंगलांबीबरोबर सावकाश बदलतो. ग्रहाची रेषा मात्र अरुंद असते. या दोन गोष्टींच्या आधारे क्रम असा लावा.

६४० ते ६७० नॅनोमीटरचा तुकडा कापून घ्या. प्रत्येक बिंदूचा वर्णपट त्याच्या स्वतःच्या एकूण उजेडाने भागा. मग सगळ्यांची सरासरी काढा. ती झाली ताऱ्याच्या वर्णपटाची नक्कल. प्रत्येक बिंदू या नकलेने भागला की ताऱ्याच्या रेषा, त्याच्या एच-अल्फासह, बऱ्याच अंशी सपाट होतात. उरलेला संथ चढउतार काढायला सावित्स्की-गोले गाळणी (आकडे गुळगुळीत करायची गणिती रीत) पुरते. एवढं करूनही उपकरणाचे काही नमुने उरतात. त्यांच्यासाठी मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए, लावायचं आणि पहिले काही घटक वजा करायचे. शेवटी सुरुवातीला केलेले भागाकार गुणाकाराने परत फिरवायचे, नाहीतर फ्लक्सचं, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचं, एककच हरवतं.

किती घटक वजा करायचे, याला सूत्र नाही. एकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी ठिपका आणि आजूबाजूचा गोंधळ यांचं गुणोत्तर पाहा. गोंधळ कमी होतो तोवर वाढवा. एका टप्प्यानंतर पीसीए ग्रहालाही ‘नमुना’ समजून खायला लागतं आणि प्रतिमा संशयास्पद स्वच्छ दिसू लागते. थांबायचं ते त्याच्या अलीकडे.

म्यूझसारखा वर्णपट नसेल, नुसत्या दोन फिल्टरच्या प्रतिमा असतील (मॅगेलनवर असंच काम चालतं), तर शेजारच्या फिल्टरमधली प्रतिमा तरंगलांबीच्या प्रमाणात ताणून, उजेड जुळवून एच-अल्फाच्या प्रतिमेतून वजा करतात. जोडीला रात्रभरात क्षेत्र फिरतं त्याचा फायदा घेतात: दुर्बिणीचे दोष जागीच राहतात, ग्रह फिरतो. पायक्लिप आणि व्हीआयपी ही दोन्ही पायथन पॅकेजेस हे काम करतात आणि फुकट आहेत.

पायरी ४: ठिपका ग्रहाचाच का?

इथे घाई करून तोंडघशी पडलेल्यांची उदाहरणं आहेत. एलकेसीए १५ या ताऱ्याभोवती एच-अल्फात चमकणारा ग्रह सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१९ मधल्या अधिक बारकाईच्या प्रतिमांनी दाखवलं की ज्या जागी ग्रह सांगितले होते तिथला बहुतेक उजेड चकतीच्या आतल्या भागाचा आहे.

चकती ताऱ्याचा उजेड परावर्तित करते आणि त्या उजेडात ताऱ्याची एच-अल्फाही असते. म्हणून पहिली कसोटी गुणोत्तराची. ठिपक्याच्या जागी रेषा आणि तिच्या शेजारचा सलग प्रकाश यांचं प्रमाण ताऱ्याएवढंच असेल तर तो आरसा आहे. ग्रहाच्या बाबतीत रेषा कितीतरी वरचढ असते. दुसरी कसोटी: रेषेचा आकार ताऱ्याच्या रेषेहून वेगळा आहे का? तिसरी: वर्ष-दोन वर्षांनी ठिपका कक्षेच्या हिशेबाने सरकला का? अवरक्तात त्याच जागी काही दिसत असेल तर उत्तमच.

आणि गोंधळाचा अंदाज ग्रहाएवढ्याच अंतरावरच्या कड्यातून घ्या, प्रतिमेच्या निवांत कोपऱ्यातून नव्हे. ०.१८ आर्कसेकंदावरच्या कड्यात स्वतंत्र असे जेमतेम वीसेक ठिगळं बसतात. इतक्या थोड्या नमुन्यांवर ‘पाच सिग्मा’चा (गोंधळाच्या पाचपट उजळ ठिपक्याचा) अर्थ तेवढा पक्का राहत नाही, त्यासाठी स्टुडंट-टी ही थोड्या नमुन्यांसाठीची सांख्यिकी दुरुस्ती लावावी लागते.

पायरी ५: फ्लक्स

ठिपक्याभोवती लहान वर्तुळ घ्या, त्यातला वर्णपट बेरजेने काढा आणि रेषेखालचं क्षेत्रफळ मोजा. या आकड्याला दोन दुरुस्त्या लागतात. लहान वर्तुळाबाहेर सांडलेला उजेड किती, हे त्याच प्रतिमेतल्या ताऱ्यावरून कळतं, कारण ताराही बिंदूच आहे. पायरी ३ मध्ये ग्रहाचा किती भाग खाल्ला गेला, हे कळायला खोटे ग्रह पेरायचे: मूळ डेटात त्याच अंतरावर, वेगवेगळ्या कोनांत, माहीत असलेल्या उजेडाचे ठिपके घाला, सगळी प्रक्रिया परत चालवा आणि किती परत मिळाले ते पाहा. सत्तर टक्के मिळाले तर ग्रहाचा आकडा ०.७ ने भागायचा. हे कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

रेषेच्या रुंदीवर फार विसंबू नका. एच-अल्फाजवळ म्यूझला सेकंदाला सुमारे १२० किलोमीटरपेक्षा बारीक फरक नीट वेगळा दिसत नाही आणि दोन्ही ग्रहांच्या मोजलेल्या रुंदी त्याच घरात आहेत. म्हणजे त्यातली बरीचशी रुंदी उपकरणाची.

पायरी ६: धुळीने किती खाल्लं

ग्रहावर पडणाऱ्या वायूबरोबर धूळ येतेच. किती, हे ठरवायला एच-बीटा ही ४८६.१ नॅनोमीटरची निळी रेषा पाहतात. धूळ निळा प्रकाश जास्त खाते, त्यामुळे एच-बीटा अपेक्षेपेक्षा जितकी क्षीण तितकी धूळ दाट. म्यूझच्या नॅरो फील्डमध्ये ही रेषा पट्ट्याच्या अगदी काठाशी येते. २०२० मध्ये त्याच डेटाचं पुन्हा विश्लेषण झालं तेव्हा दोन्ही ग्रहांजवळ एच-बीटा मिळालीच नाही. त्यावरून बी ग्रहाची एच-अल्फा किमान दोन मॅग्निट्यूडने (तेजाची खगोलशास्त्रातली श्रेणी), म्हणजे सहा पटींहून अधिक मंद झाली असावी, असा निष्कर्ष निघाला.

पण हबल दुर्बिणीने २०२० मध्ये बी ग्रह ३३६ नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यातही टिपला. नेहमीच्या आंतरतारकीय धुळीचा नियम लावला, तर लाल प्रकाशात सहापट घट म्हणजे अतिनीलात चाळीसेक पट. इतक्या पडद्यातून अतिनील दिसावं हे पचायला जड जातं. एकतर धुळीचे कण मोठे आहेत, किंवा एच-अल्फा आणि एच-बीटा यांचं गृहीत धरलेलं गुणोत्तर तिथे लागू नाही. माझा सल्ला: दोन निकाल द्या, एक धूळ शून्य धरून आणि एक कमाल धरून.

पायरी ७: उजेडाचा वायू

आता हिशेब. हबलने मोजलेला पीडीएस ७० बीचा एच-अल्फा फ्लक्स १.६२ × १०^-१५ अर्ग प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर आहे. (१०^-८ म्हणजे एकाचा दहा कोटीवा भाग, या पद्धतीने वाचा.) अंतर ११३ पार्सेक, म्हणजे वरची ३७० प्रकाशवर्षं. फ्लक्सला ४π गुणिले अंतराचा वर्ग याने गुणलं की एच-अल्फाची तेजस्विता मिळते: २.५ × १०^२७ अर्ग प्रति सेकंद, म्हणजे सूर्याच्या ६.५ × १०^-७ पट. तिचा लॉग −६.१९.

पुढची उडी मोठी आहे. एच-अल्फा ही पडणाऱ्या वायूच्या एकूण ऊर्जेचा एक तुकडा. पूर्ण ऊर्जा किती, हे सूत्राने काढायचं. सूत्रं तीन प्रचलित आहेत. तिन्हींत डावीकडे एकूण तेजस्वितेचा लॉग, उजवीकडे एच-अल्फाच्या तेजस्वितेचा लॉग, दोन्ही सूर्याच्या पटीत:

पहिलं, तरुण ताऱ्यांवरून काढलेलं (२०१२): १.४९ × लॉग + २.९९
दुसरं, तेही ताऱ्यांवरून (२०१७): १.१३ × लॉग + १.७४
तिसरं, ग्रहाच्या पृष्ठभागावरच्या आघातलाटेच्या गणितातून (२०२१): ०.९५ × लॉग + १.६१

−६.१९ घालून पाहा. पहिल्याचं उत्तर सुमारे ६ × १०^-७. जरा थांबा: हे तर नुसत्या एच-अल्फाच्या ६.५ × १०^-७ पेक्षाही कमी आहे! तुकडा अख्ख्यापेक्षा मोठा कसा असेल? ताऱ्यांच्या तेजस्वितेवर बसवलेली रेषा ग्रहांपर्यंत खेचत आणली की असा घोळ होतो. पहिलं सूत्र इथेच बाद. जुन्या शोधनिबंधांतले आकडे वापरताना कोणतं सूत्र लावलं होतं ते जरूर बघा, कारण हे बरेच दिवस वापरात होतं.

दुसऱ्याचं उत्तर ५.६ × १०^-६, तिसऱ्याचं ५.४ × १०^-५. जवळजवळ दहापट अंतर.

यांतून वायूचा दर काढायला: तेजस्विता गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान, आणि वर १.२५. हा १.२५ येतो कारण वायू अनंतातून पडत नाही, ग्रहाच्या पाचेक त्रिज्यांवरून चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने उतरतो असं धरतात. चार गुरू वस्तुमान आणि दोन गुरू त्रिज्या घातल्या, की दुसऱ्या सूत्राने वर्षाला गुरूच्या १.२ × १०^-८ पट वायू, तिसऱ्याने १.२ × १०^-७ पट. कमी आकडा धरला तरी तो सेकंदाला ७६ कोटी टन होतो. चंद्राएवढं वस्तुमान जमायला तीन हजार वर्षं. जास्तीचा आकडा खरा असेल तर तीनशे.

वस्तुमान आणि त्रिज्या गृहीत आहेत हे विसरू नका. बीचं वस्तुमान दहा गुरूंपेक्षा कमी असावं एवढंच कक्षेवरून सांगता येतं. चाराऐवजी दोन धरलं की दर दुप्पट. म्हणून ‘वस्तुमान गुणिले दर’ हा गुणाकारच निकाल म्हणून देणं जास्त प्रामाणिक. तो वस्तुमानाच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही.

दोन सूत्रांत कोणतं निवडायचं? ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र ताऱ्यासारखं जोरदार असेल आणि उजेड उतरणाऱ्या प्रवाहातून येत असेल तर दुसरं. उजेड पृष्ठभागावरच्या आदळण्यातून येत असेल तर तिसरं. एका रेषेवरून हे ठरत नाही, अनेक रेषांची गुणोत्तरं लागतात. डेलॉर्म १ (एबी) बी मध्ये एच-अल्फाखेरीज अवरक्तातल्या पाशेन आणि ब्रॅकेट रेषाही मिळाल्या आहेत आणि त्यांचा कल आघातलाटेकडे आहे. त्यावरून मी ग्रहांसाठी तिसऱ्याकडे झुकतो. निकालात मात्र दोन्ही लिहितो.

पायरी ८: आकडा काय सांगतो

वर्षाला १.२ × १०^-८ या गतीने चार गुरू जमायला तेहतीस कोटी वर्षं लागतील. ताऱ्याचं वय ५० लाख. दहापट दर धरला तरी तीन कोटींहून जास्त. म्हणजे या ग्रहाची मुख्य वाढ आधीच, कितीतरी जास्त वेगाने उरकली आहे. आपण पाहतोय ते शेवटचे घास. (किंवा वाढ झटक्याझटक्याने होते आणि आत्ता शांत काळ आहे.) आणखी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे: पीडीएस ७० हा तारा स्वतः वर्षाला साधारण १०^-१० सूर्य, म्हणजेच गुरूच्या १०^-७ पट वायू घेतो. तिसरं सूत्र बरोबर असेल तर एकटा बी ग्रह ताऱ्याच्या बरोबरीने वायू उचलतोय.

आकड्यापुढे वेधाची तारीख लिहायलाच हवी, कारण हा उजेड बदलतो. मॅगेलनवरच्या मॅगएओ-एक्स उपकरणाने २०२२ ते २०२४ या काळात घेतलेल्या वेधांत बी मंदावला आणि सी उजळला. दोन वेगळ्या उपकरणांचे, दोन वेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘बदल झाला’ म्हणायला मी कचरतो, कारण अंशांकनातला (उपकरणाची मोजपट्टी लावण्यातला) फरकही तसाच दिसतो. पण पीडीएस ७० मध्ये एक सोय आहे. बी आणि सी एकाच प्रतिमेत असतात, त्यामुळे त्यांच्या फ्लक्सचं गुणोत्तर काढलं की हवामान, ताऱ्याची चंचलता, उपकरणाची संवेदनशीलता यांतलं बरंचसं आपोआप कटतं. खोट्या ग्रहांची दुरुस्ती मात्र दोघांना वेगवेगळी लावा: बी ताऱ्याच्या जास्त जवळ आहे, त्याचा उजेड जास्त खाल्ला जातो. तुमच्या तक्त्यात तारीख, उपकरण, दोन्ही फ्लक्स, गुणोत्तर, वापरलेलं सूत्र आणि धूळ किती धरली, एवढे रकाने असू द्या.